कापसाच्या रानात माशांचं पीक

वाचकहो, आपल्यापैकी जे मासे खातात त्यांची इंडियन ग्रोसरीच्या फ्रीझरपाशी काय अवस्था होते ते मला चांगलं ठाऊक आहे. आपण काच पुसून पुसून पापलेट शोधतो. ते लाकडासारखं कडक असतं, भाव बघून डोळे पांढरे होतात, आणि तरी ते पिशवीत टाकून आपण घरी येतो. त्याच आठवड्यात अमेरिकन सुपरमार्केटात बर्फावर पांढऱ्याशुभ्र, काट्याविना तुकड्या मांडलेल्या असतात. वर पाटी असते, 'कॅटफिश, शेतात वाढवलेला, अमेरिका'. तिकडे आपण ढुंकूनही बघत नाही. मिशावाला मासा, गोड्या पाण्यातला, चिखलात लोळणारा! आमच्या रत्नागिरीकडच्या माणसाला तर नदीचा मासा म्हणजे मासाच वाटत नाही. देशावरचे पाहुणे कटला किंवा मरळ यांचं कौतुक करू लागले की माझी आजी फक्त 'असेल हो' एवढंच म्हणायची. त्या दोन शब्दांत सगळं आलं.

मीही बरीच वर्षं त्याच पंथातला होतो. काही वर्षांपूर्वी मेम्फिसहून मिसिसिपी राज्यात खाली गाडीने जाताना एका नजरेत न मावणारी तळी लागली. चौकोनी, एकाला एक लागून, मध्ये गाडी जाईल एवढे मातीचे बांध. कोकणातल्या मिठागरांची आठवण झाली. पुढे बेल्झोनी नावाचं गाव आलं. तिथे चौकाचौकांत रंगवलेले मोठाले मासे उभे केले आहेत आणि गाव स्वतःला 'जगाची कॅटफिश राजधानी' म्हणवतं. १९७६ पासून तिथे दर वसंतात माशांची जत्रा भरते. परत आल्यावर या तळ्यांबद्दल जे जे मिळालं ते वाचत गेलो. तळं खणणं हे या धंद्यातलं सगळ्यांत सोपं काम. तळ्यापासून शहरातल्या ताटापर्यंतची वाट कोणाच्या हातात आहे, यावर गावाचं पोट ठरतं. ती वाट आज तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातूनही जाते, म्हणून ही गोष्ट आपल्या दिवाळी अंकात.

मासे पाळायचा सरकारी उत्साह या देशात जुना आहे. अमेरिकन फिश कमिशन १८७१ साली स्थापन झालं आणि स्पेन्सर बेअर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. नद्यांतले मासे कमी होत चालले होते, लोकसंख्या वाढत होती. मग युरोपातला कार्प आणून शेतकऱ्यांना वाटावा असं ठरलं. १८७७ साली रुडॉल्फ हेसल यांनी जर्मनीहून ३४५ जिवंत कार्प आणले. ते आधी बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमधल्या तळ्यांत सोडले आणि पुढच्या वर्षी त्यांतले काही वॉशिंग्टनमध्ये स्मारकाजवळच्या तळ्यांत आले. मग झुंबड उडाली. आपल्याला मासे मिळावेत म्हणून लोक खासदारांना पत्रं लिहीत. कमिशनने मासे पोहोचवायला खास रेल्वेचे डबे बांधून घेतले. आणि वीस वर्षांच्या आत हाच कार्प सगळ्यांना नकोसा झाला. पाणी गढूळ करतो, काटे फार, चव मातकट अशा तक्रारी सुरू झाल्या. तो तळ्यांतून निसटून नद्यांमध्ये पसरला तो आजतागायत.

पण गंमत पुढे आहे. त्याच सुमारास पूर्व युरोपातून ज्यू कुटुंबं न्यूयॉर्क आणि शिकागोला येत होती. त्यांच्या सणावारांच्या जेवणात कार्प लागे. मग इलिनॉय नदीतला, एरी सरोवरातला कार्प रेल्वेने शहरांकडे जाऊ लागला. खेड्यातल्या अमेरिकन माणसाने नाकारलेला मासा शहरातल्या परक्या पाहुण्याने विकत घेतला. सरकारने माशाचा विचार केला होता, खाणाऱ्याचा केला नव्हता. चव माणसाबरोबर बोटीत बसून येते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. घरून निघताना बॅगेत कोकम आणि सुका जवळा लपवून आणलेले लोक आपण!

आता मिसिसिपीच्या डेल्टाकडे वळू. डेल्टा म्हटलं की नदीचं मुख डोळ्यांपुढे येतं, पण हा तो नव्हे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला, राज्याच्या वायव्येकडचा हा सपाट गाळाचा प्रदेश. इथली भारी चिकणमाती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगून पाणी धरून ठेवते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना आपली काळी माती आठवेल. इथे राज्य कापसाचं होतं. गुलामगिरी संपल्यावरही जमीन गोऱ्या मळेवाल्यांची आणि कष्ट कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांचे, असाच हिशेब चालू राहिला. ऑक्टोबर १९४४ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि वेचणाऱ्या हातांची गरज संपायला सुरुवात झाली. लाखो कृष्णवर्णीय लोक आधीपासूनच उत्तरेकडे निघाले होते, ते आता आणखी निघाले. इलिनॉय सेंट्रल रेल्वे त्यांना सरळ शिकागोला नेऊन सोडी. मडी वॉटर्स हा गायक १९४३ साली असाच क्लार्क्सडेलजवळच्या मळ्यावरून शिकागोला गेला. गाण्याबरोबर जिभेची सवयही गेली. मक्याच्या पिठात घोळवून तळलेला कॅटफिश शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुइसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत शनिवारचं जेवण झाला. तेव्हा तो नदीतला असे. शेतातला अजून यायचा होता.

मागे उरलेल्या मळेवाल्यांपुढे वेगळा प्रश्न होता. ज्या भारी मातीत कापूस नीट येत नाही तिचं करायचं काय? शेजारच्या आर्कान्सा राज्यात भातशेतकरी आधीच तळ्यांत मासे वाढवून बघत होते. १९६५ साली मिसिसिपीच्या शार्की काउंटीत धंद्यासाठी पहिली कॅटफिशची तळी झाली. तळी 'खणली' असं म्हणणं खरं तर चूक आहे. सपाट जमिनीवर चहूबाजूंनी बांध घालून चार-पाच फूट पाणी भरायचं. पाणी जमिनीखालून उपसायचं, ते तिथे मुबलक. खाद्य सोयाबीन आणि मका यांच्या गोळ्यांचं, पाण्यावर तरंगणारं. तळाशी चरणारा मासा असा तोंड वर करून खायला शिकला आणि त्याची चवही बदलली. दोन पौंड खाद्यामागे साधारण एक पौंड मासा, आणि बाजारात जायला दीड-दोन वर्षं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण या शेतीला रात्र असते. उन्हाळ्यात दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो खातं. पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू इतका उतरतो की तासाभरात अख्ख्या तळ्यातले मासे पोट वर करून तरंगू शकतात. म्हणून रात्रभर कोणीतरी गाडी घेऊन तळ्यातळ्यावर पाणी मोजत फिरतो आणि गरज पडली की पाणी घुसळणारी चाकं चालू करतो. गोठ्यात गाय व्यायला आली की आपल्याकडे जसं जागतात, तसं हे मे ते सप्टेंबर रोज.

मला सगळ्यांत आवडलेला माणूस मात्र कारखान्याच्या दारात बसतो. तो चाखणारा! तळ्यातले मासे काढण्याआधी एक नमुन्याचा मासा त्याच्याकडे जातो. तो मीठ-मसाला काही न घालता शिजवतो, हुंगतो, एक घास तोंडात घेतो. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे माशाला मातकट वास लागलेला असला, तर 'नाही' म्हणतो. मग लाखो रुपयांचा माल तळ्यात तसाच ठेवून, खाद्य घालत, शेतकऱ्याला आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. बाजारभाव पडो की कर्जाचा हप्ता येवो, त्या एका जिभेपुढे इलाज नाही. खाणाऱ्या शहराने तळ्याच्या काठावर बसवलेली ती जीभ आहे, असं मला वाटतं. एकदा मातकट मासा खाल्लेली शिकागोची बाई पुन्हा तो घेणार नाही, हे शेतकऱ्याला पक्कं कळलेलं होतं.

आणि शहर जिंकायचंच होतं. कॅटफिश हा गरिबांचा, दक्षिणेचा, कृष्णवर्णीयांचा मासा, ही ओळख मध्यमवर्गीय गोऱ्या गिऱ्हाइकाला आड येत होती. १९८६ साली शेतकरी आणि खाद्य कारखानदारांनी मिळून जाहिरातीसाठी कॅटफिश इन्स्टिट्यूट काढली. मिशा आणि डोकं दिसू न देता स्वच्छ कापलेली तुकडी पुढे आणली. १९८७ साली अध्यक्ष रेगन यांनी २५ जून हा राष्ट्रीय कॅटफिश दिवस जाहीर केला. हसू येतं खरं, पण त्या दिवसामागे हजारो एकर पाणी आणि बँकांची कर्जं होती.

याच काळातली एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. मासा पिकवून तो दुसऱ्याच्या कारखान्याला द्यायचा, तर भाव तो ठरवणार. म्हणून १९८१ साली डेल्टातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन इंडियानोला गावी स्वतःचा कारखाना काढला, डेल्टा प्राइड. ज्याचं तळं त्याचा शेअर. आपल्याकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊसवाल्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच जातीची कल्पना. आणि यशही तसंच. काही वर्षांत डेल्टा प्राइड देशातला सगळ्यांत मोठा कॅटफिश कारखाना झाला. पण साखर कारखान्याचं जे दुखणं तेच इथलंही. ऊस ज्याचा तो सभासद, आणि कोयता जिच्या हातात ती बीडची बाई कोणीच नाही. इथे तळी जवळजवळ सगळी गोऱ्यांची होती. कारखान्यात मासे कापायला उभ्या राहणाऱ्या बहुतेक कृष्णवर्णीय बायका, ज्यांच्या आयांनी आणि आज्यांनी त्याच जमिनीवर कापूस वेचला होता.

इंडियानोला हे सनफ्लॉवर काउंटीचं मुख्य गाव. शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालाला विरोध करायला गोऱ्यांनी पहिली 'सिटिझन्स कौन्सिल' काढली ती इथेच, जुलै १९५४ मध्ये. आणि १९६२ साली फॅनी लू हेमर मतदार म्हणून नाव नोंदवायला बसने आल्या त्याही इथल्याच कोर्टात. त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांना मळ्यावरून हाकलून दिलं होतं. अशा गावातला हा कारखाना. काम थंड, ओलं आणि वेगाचं. पट्ट्यावरून मासा येतो, तो कापायचा, सोलायचा, पुढचा आलाच. एकच हालचाल दिवसभर केल्याने मनगटाची नस दबून बोटं बधिर होत. पगार कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाच्या थोडा वर. बाथरूमला जायचं तर आठवड्याला ठरलेल्या वेळा आणि तेही मोजून पाच मिनिटं.

१९८६ साली या बायकांनी युनियन आणली. १९९० साली नवा करार करताना मालकांनी तासाला साडेसहा सेंट वाढ देऊ केली. सप्टेंबरमध्ये सुमारे हजार कामगार बाहेर पडले आणि तीन महिने बाहेर राहिले. मिसिसिपीच्या इतिहासातला कृष्णवर्णीय कामगारांचा हा सगळ्यांत मोठा संप मानला जातो. गावात एवढी मोठी दुसरी नोकरी नव्हती. थंडी तोंडावर आलेली, घरी पोरं. तरी त्या का टिकल्या, याची कारणं बरीच असतील, पण एक मला फार महत्त्वाचं वाटतं. मासा खाणारं शहर त्यांचंच होतं! युनियन आणि नागरी हक्क संघटनांनी डेल्टा प्राइडच्या माशावर देशभर बहिष्काराची हाक दिली. कापसाच्या काळात उत्तरेला गेलेल्यांची मुलं-नातवंडं हाच या माशाचा जुना गिऱ्हाईक. कापडाच्या गिरणीला कापूस कोणी वेचला हे कळायचा मार्ग नव्हता. तळलेल्या माशाच्या मागे मात्र आपल्या मावशीचे हात आहेत, हे शिकागोत आणि सेंट लुइसमध्ये पुष्कळांना माहीत होतं. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. पगार वाढले आणि बाथरूमवरचा पहारा सैल झाला. कारखाना काही बायकांच्या मालकीचा झाला नाही.

मालकीचा प्रयत्न एका माणसाने केला होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एड स्कॉट हे लफ्लोर काउंटीतले कृष्णवर्णीय शेतकरी. वडिलांनी जमवलेली जमीन त्यांच्याकडे होती. इतरांसारखी त्यांनीही तळी केली. पण डेल्टा प्राइडमध्ये त्यांना जागा मिळाली नाही आणि सरकारी शेतकर्जातही हात आखडला गेला. तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या शेडमध्ये स्वतःचा कारखाना उभा केला, साल १९८३. कृष्णवर्णीय मालकीचा तो देशातला पहिला कॅटफिश कारखाना. आसपासच्या बायकांना तिथे काम मिळालं. काही वर्षांनी तो बंद पडला आणि कर्जापायी जमीनही गेली. पुढे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषी खात्याविरुद्ध भेदभावाचा मोठा दावा लढवला, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात स्कॉट यांना जमिनीचा काही भाग परत मिळाला. २०१५ साली ते वारले.

आता उतरण. २००३ साली अमेरिकेतल्या कारखान्यांनी ६० कोटी पौंडांहून जास्त कॅटफिश कापला. दहा वर्षांत तो आकडा निम्म्यावर आला. व्हिएतनामशी व्यापारकरार डिसेंबर २००१ मध्ये लागू झाला होता आणि मेकाँग नदीकाठच्या तळ्यांतला मासा स्वस्तात येऊ लागला होता. तोही मिशावाला, तोही पांढऱ्या मांसाचा. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत 'बासा' म्हणून लिंबू-बटर लावून आपल्यापुढे येतो त्याच कुळातला. डेल्टाच्या शेतकऱ्यांनी वॉशिंग्टन गाठलं. २००२ च्या शेती कायद्याने ठरवलं की कॅटफिश हे नाव फक्त अमेरिकन कुळातल्या माशालाच लावायचं. २००३ मध्ये व्हिएतनामी तुकड्यांवर जादा शुल्क बसलं. २००८ च्या कायद्याने तर या एकाच जातीच्या माशाची तपासणी अन्न-औषध खात्याकडून काढून कृषी खात्याकडे दिली, आणि ती प्रत्यक्षात सुरू व्हायला २०१६ उजाडलं. सिनेटर जॉन मॅकेन जाहीरपणे म्हणत राहिले की हे सगळं अन्नसुरक्षेच्या नावाखाली संरक्षण आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण डेल्टात तळं आटवून पुन्हा सोयाबीन पेरलेला माणूसही खोटा नव्हता. २००८ च्या सुमारास मका-सोयाबीनचे भाव चढले, माशाचं खाद्य महागलं, आणि बाहेरच्या माशामुळे भाव वाढवायची सोय राहिली नव्हती. बांध फोडले की तळ्याचं शेत व्हायला वेळ लागत नाही. कारखान्यातली नोकरी गेलेल्या बाईला मात्र परत जायला शेतही नव्हतं, ते काम यंत्रांनी कधीच घेतलं होतं. कॅटफिशची शेती अजूनही आहे, खायच्या माशांत या देशातली सगळ्यांत मोठी तीच, पण पूर्वीची तळी बरीच आटली.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, आम्ही कॅटफिश खातच नाही, आमचा काय संबंध. तर पुन्हा फ्रीझरपाशी चला. कोळंबीची पिशवी उचला आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे भारताचं नाव आणि 'शेतात वाढवलेली' हे शब्द दिसतील. २००९ साली भारताने व्हॅनामेई जातीच्या कोळंबीला परवानगी दिली आणि आंध्रात भीमवरम, काकीनाडाच्या बाजूला भातखाचरांची तळी झाली. तिथलीही रात्र प्राणवायू मोजण्यात जाते. सोलायला तिथेही बायकाच. आणि त्या कोळंबीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आपण राहतो तो देश. २००५ पासून तिच्यावर इथे जादा शुल्क आहेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क एकदम ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका सहीने भीमवरमच्या बांधावर भाव पडला. दुसऱ्या बाजूला लुइझियानाचे कोळंबीवाले आहेत. त्यांत कित्येक घरं व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेली, समुद्रातून कोळंबी धरणारी, आणि या स्वस्त आयातीने मेटाकुटीला आलेली. मी कोणाच्या बाजूने आहे, हे मला पिशवी हातात धरून अजून ठरवता आलेलं नाही.

पिशवीवरची ती अक्षरं मात्र वाचत जा. देश कोणता आणि मासा शेतातला की समुद्रातला, हे सुपरमार्केटांनी लिहायलाच हवं असा नियम २००५ पासून आहे. तोही २००२ च्या त्याच शेती कायद्यातून आला, म्हणजे कॅटफिशच्या भांडणाच्या काळातला. केंद्राच्या या नियमात हॉटेलं येत नाहीत. लुइझियाना आणि अलाबामा या राज्यांनी हॉटेलांसाठी आपापले कायदे केले आहेत. इतर ठिकाणी वेटरला विचारायचं. तो बहुतेक वेळा आत जाऊन विचारून येतो.

आणि हो, बेल्झोनीहून आल्यावर मी कॅटफिश घरी आणला. हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवला, रव्यात घोळवून तळला. मासा मऊ, वास अजिबात नाही. कालवणात मात्र घालू नका, तुकडी फुटते. बायकोने एक घास खाल्ला आणि अगदी माझ्या आजीच्या सुरात म्हणाली, 'असेल हो.' दुसरी तुकडी मात्र तिने स्वतःच वाढून घेतली.